काळजाला फुटवे

हार्ट अटॅकनंतर वडील घरी आले आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या ओझरकडे आजाऱ्याला भेटायला येणारा सफरचंदं आणतो आणि सल्ला देतो. सफरचंदं निदान खाता येतात.

तपासणीत वडिलांचं थायरॉईड कमी निघालं होतं. डॉक्टरांनी त्यासाठी अगदी कमी ताकदीची गोळी दिली होती. भला माणूस, विचारलं म्हणून समजावूनही सांगितलं. दुखावलेल्या हृदयात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला हे हार्मोन मदत करतं, असं उंदरांत दिसलंय. माणसाबद्दल अजून खात्री नाही. डोस वाढवायचा तर मीच वाढवीन, असंही बजावलं.

वडील पडले द्राक्षबागायतदार. त्यांना यातलं ऐकू आलं ते एवढंच : हार्मोन, आणि फुटायला.

"एवढीशीच गोळी?" शेजारचे बागवाले खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "द्राक्षाचे मणी फुगवायला हार्मोन मारताना आपण कधी बाटलीवरचा डोस देतो का? हात सैल सोडावा लागतो, भाऊ."

"उंदराला लागू पडलं, राव," वडील म्हणाले. "आपण काय उंदरापेक्षा कमी हाय?"

आमच्याकडे फवारणीचा डोस ठरवतो औषधांचा दुकानदार, आणि शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त मारतो तो हुशार शेतकरी. त्याविरुद्ध मी पत्रकं काढली होती. वडिलांनी ती बागेत भाकरीखाली अंथरली.

आईलाही थायरॉईड आहे. तिच्या गोळ्या बऱ्याच जास्त ताकदीच्या. वडील रोज सकाळी आपल्या गोळीसोबत तिच्याही घेऊ लागले. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, तसे ते खूश. औषध लागू पडलं!

आईला आपली पाकिटं रिकामी दिसली. तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि मला गाडी काढायला लावली.

दवाखान्यात ठोके वेडेवाकडे पडत होते. वडिलांना तिथेच ठेवून घेतलं. दुसरा झटका येईल की काय, म्हणून डॉक्टर मशीनपुढून हलेनात. आई खाटेजवळ उभी होती.

"बागंला इचारत न्हाई, बायकूला बी इचारत न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांस्नी पाजायचं तेवढं ठाऊक."

संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी डोस विचारला.

"किती घेऊ मंग?"

"सध्या एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "मी सांगेन तेव्हा."

"अर्धी तरी?"

आईने नुसतं पाहिलं. वडिलांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.