केकवाल्या सुनेचे पाय
आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी महालक्ष्म्या बसतात. गेल्या भादव्यात आमची हिंदी घरातली सून मुखवटा घेऊन अंगणातून आत येत होती. बायका थाळी वाजवत विचारत होत्या, "महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली?" सुनेनं "सोन्याच्या" म्हणायचं, तर ती नुसत्या झोकांड्या खात होती. नजर खाली, पाय भलतीकडे. मी धरला म्हणून मुखवटा वाचला.

झालं! शेजारच्या काकू ओरडल्या, "अंगात आलं वं बाई!" बायकांनी तिच्या कपाळावर कुंकू थापलं, पाया पडल्या. एकीनं तर पोट्टीच्या लग्नाचंही विचारून घेतलं. सून म्हणते, "पैर समझ में नहीं आ रहे." तर काकू म्हणतात, "देवी हिंदीत बोलून राहिली!" धन्य त्या भक्तीची. देवीला धड चालता येत नाही, हेही यांना खपलं.

मला काही ते पटेना. सून घरीच केक करते. क्रीम फुलवायच्या बाटलीला गॅसची बोटाएवढी नळकांडी लागतात. ऑर्डरी कमीच, आणि कपाटामागे रिकाम्या नळकांड्यांची पिशवी भरलेली! विचारलं तर रडली. गॅस केकसाठी नव्हताच, ती तो ओढत होती.

"आई, दो मिनट सब बंद हो जाता है. फिर और चाहिए."

दिवसभर एकटी, लोकांच्या वाढदिवसाचे केक सजवत बसायची. तिचं मन कोण विचारत होतं?

आमचे चिरंजीव मोठे शिकलेले. म्हणाले, "आई, ही थोडीच नशा आहे? दुखू नये म्हणून दाताचे डॉक्टरही हाच गॅस देतात."

अरे शहाण्या, दाताचा डॉक्टर ऑक्सिजन मिसळून, समोर बसून देतो. कपाटामागे पिशव्या भरतो का? पण लोक काय म्हणतील! म्हणून त्यानं ठरवलं, डॉक्टरला उपासाची अशक्तता सांगायची आणि ताकदीच्या गोळ्या आणायच्या. बायकोचे पाय गेले तरी चालतील, घराचं नाव राहिलं पाहिजे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती लगेच कलली. मीच सावरलं.

"उपास फार करते," चिरंजीव सुरू झाले.

"तू चूप बस रे," मी म्हटलं. "पाय तिचे आहेत, तिले बोलू दे."

सून खुर्चीत नीट बसली. मग म्हणाली, "मैडम, मैं गैस लेती हूँ. रोज."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा गॅस शरीरातलं बी-ट्वेल्व्ह निकामी करतो, त्यानं नसा बिघडतात. गॅस चालू ठेवून गोळ्या खाणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. इंजेक्शनं घ्या, व्यायाम करा, आणि सवय सुटायला समुपदेशकाकडे या, एकदा नाही, येत राहा. पाय पूर्ण सुधारतील का, ते त्यांनी सांगितलं नाही. "आज थांबलात तर आशा आहे," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर चिरंजीव मान खाली घालून भराभर पुढे निघाले, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. सुनेनं मागून हाक मारली, चार लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं.

"अकेले नहीं उतर पाऊँगी. हाथ दीजिए."

आला मग मागे.