कुठल्या तुम्ही?

लखनौत मराठी माणूस भेटला की आम्ही दोनच प्रश्न विचारतो. कुठले तुम्ही, आणि इथं कशात आहात? पहिल्यावरून जिल्हा कळतो. दुसऱ्यावरून कळतं की लष्कराच्या छावणीतले, बीकेटीच्या हवाई तळावरचे एअरफोर्सवाले, की आमच्यासारखे सरकारी नोकरीतले. माझे वडील नोकरीसाठी नागपूरहून इथं आले, मी निशातगंजमध्येच वाढले, तरी सब्जीच्या ठेल्यावर कुणी मराठीत कुरकुरलं की माझी मान वळते. मुलगी वैतागते. "मम्मी, आप सबसे पूछती क्यों हो? थानेदार हो क्या?" खरंय तिचं. माझ्या भोचकपणाला औषध नाही, असंच मी तेव्हा हसून म्हणायची.

मी एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. एचआयव्हीच्या पेशंटांचं रक्त सकाळी घ्यायचं आणि दुपारी त्यातल्या मदतनीस टी पेशी मशीनवर मोजायच्या, हे माझं काम. या पेशी स्वतः लढत नाहीत. आत शिरलेल्या परक्याचा तुकडा कुणी समोर धरला की त्या त्याला ओळखतात आणि बाकीच्यांना उठवतात. कुणी मग त्या परक्याला मारतं, कुणी त्याच्याविरुद्ध प्रथिनं तयार करतं. हा विषाणू नेमका या उठवणाऱ्यांमध्येच घर करतो. त्या संपत आल्या की बाकीचे शरीरात असूनही त्यांना हाक देणारं कुणी उरत नाही, आणि मग साधी बुरशीसुद्धा माणसाला पुरून उरते. रोज गोळ्या घेतल्या तर या पेशी पुन्हा वाढतात. मशीनच्या पडद्यावर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात. दाट ठिपके दिसले की माझा दिवस बरा जातो.

त्या सकाळी रांगेत ओढणीनं अर्धं तोंड झाकलेली एक बाई होती. तिशीची असेल. खुर्चीत बसली, हात पुढं केला, हिंदीत म्हणाली, "दाएँ में नस नहीं मिलती, मैडम, बाएँ में देखिए." मी सुई घातली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई गं!"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. "अगं बाई, मराठी का? कुठल्या तुम्ही ताई? आम्ही नागपूरचे. साहेब कशात आहेत, बीकेटीला का?" नळी भरत होती आणि मी बोलतच होते. रविवारी आमच्याकडे बुद्धवंदना असते, नंतर सगळे मिळून पोहे खातो, एअरफोर्सवाल्या दोन-तीन बायकाही येतात, तुम्हीही या, ओळखी होतील. मागं रांगेत माणसं उभी होती, त्याचंही मला भान नव्हतं.

बीकेटी म्हटल्यावर तिचा हात माझ्या हातात थंड पडला, हे मला नंतर आठवलं. सुई निघताच तिनं कापूस दाबला आणि हळूच म्हणाली, "मैं मराठी नहीं हूँ." ओढणी नाकापर्यंत ओढून ती गेली.

दुपारी मी तिची नळी मशीनला लावली. पडद्यावर भरघोस ठिपके आले. जुने आकडे काढून पाहिले. दीड वर्षापूर्वी शहाण्णव, मग दोनशे चाळीस, आज तीनशे दहा. न चुकता गोळ्या घेतल्या होत्या बाईनं. तो रिपोर्ट न्यायला ती आलीच नाही. पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायलाही आली नाही.

आमच्या समुपदेशक मॅडमनी फोन लावला, तो बंद होता. म्हणाल्या, "बड़ी पक्की मरीज़ थी. नवऱ्यालाही मालूम नव्हतं. एकच बात हर बार विचारायची, हमारी तरफ़ का कोई यहाँ आता तो नहीं? मी सांगायची, कोई नहीं." त्यांचं मराठी असंच, माझ्याशी बोलता बोलता शिकलेलं. मी मान खाली घालून ऐकलं. मी काय केलं ते त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तिचा कागदावरचा पत्ता निशातगंजचाच होता. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः शोधत गेले. त्या गल्लीत त्या नंबरचं घरच नव्हतं. त्यानंतर रोज दुपारी मी नळ्यांचा ट्रे मशीनजवळ घेतला की आधी तिचा पेशंट नंबर शोधायची. रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच होता. रांगेत कुणीही कळवळलं तरी मला "आई गं" ऐकू यायचं, वर बघावं तर इकडचीच, गोंडा नाहीतर सीतापूर जिल्ह्यातली कुणी असायची. घरी पोळ्या लाटतानासुद्धा तो थंड पडलेला हात माझ्या हातात असायचा. मी रक्त घेताना बोलणंच सोडलं. रविवारी वंदनेला बसले की बायकांचे चेहरे बघायची आणि तसं बघितल्याची मला लाज वाटायची.

दोन वर्षांनी एका नळीवर तिचा नंबर दिसला. वॉर्डातून, तातडीचा म्हणून. मशीन सुरू केलं. जिथं ठिपक्यांचा ढग दिसायचा तिथं इकडेतिकडे थोडे ठिपके होते. अकरा. मी नळी पुन्हा लावली. पुन्हा अकराच.

मी वॉर्डात गेले. मदतनीस पेशींशिवाय तिच्या फुप्फुसात बुरशी पसरली होती, ऑक्सिजन लावला होता. जवळ कुणी नव्हतं. मला वाटलं ओळखणार नाही. मी हिंदीतच विचारलं, "कैसी हैं आप?"

तिनं मास्क थोडा बाजूला केला. "आता विचारा ना ताई," ती म्हणाली, "कुठली म्हणून."

मी विचारलं. तिनं गावाचं नाव सांगितलं, ते नदीच्या पलीकडचं आहे तेही सांगितलं. मग म्हणाली, "दोन वर्षं घराबाहेर कुणाशी मराठीत बोलले नाही हो. कुणाला सांगू नका." मी तिचा हात धरून माफी मागितली. ती नुसती डोळे मिटून होती, ऐकलं की नाही मला कळलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

गेल्या महिन्यात वंदनेला एक नवं कुटुंब आलं, बदली होऊन आलेलं. पोहे खाताना कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्या बाईंनी तिचंच गाव सांगितलं. तेच, नदीच्या पलीकडचं. मी ताटली खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंनी ते पाहिलं आणि हसून मला विचारलं, "का हो ताई, आमच्या गावचं कोणी ओळखीचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही."