जामीनदाराचा चेहरा

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात तेलंगणातल्या जैनथ गावच्या भागाबाईनं एकच गोष्ट जिवापाड जपली होती. बाप गेल्याचं लखनला कोणी सांगायचं नाही. तो घरी येईल, हातपाय धुईल, मग आपणच पाठीवर हात ठेवून सांगू.

लखन आदिलाबादच्या जेलात होता. पैनगंगेच्या पुलावर नाकाबंदी असताना वांग्यांची गाडी पलीकडे न्यायला निघाला आणि अडवलं तेव्हा पोलिसालाच ढकलून बसला. चूक पोराची होती, भागाबाई ते कुणापाशी नाकारत नसे. साथीमुळे जेलात भेटायला बंदी. इकडे तिच्या नवऱ्याला, उत्तमरावांना ताप भरला, आणि ते गेलेच. अग्नी त्यांच्या धाकट्या भावानं, डोमाजीनं दिला. दहाव्याला मुंडणही त्याचंच झालं.

कोर्ट बंद. तातडीचे जामीन तेवढे व्हिडिओवर चालत. हर्षाली वकिलीणबाईंनी भागाबाईच्या ओसरीत खुर्च्या दूर दूर मांडल्या आणि स्टुलावर फोन उभा केला.

"बाई, उत्तमराव गेल्याचं कागदात मला लिहावंच लागलं. पण तोंडानं बोलणार नाही."

"तेवढं करा माय. देव तुमचं भलं करो."

भागाबाईनं पदर पार भुवयांपर्यंत ओढला, उघडं कपाळ दिसू नये म्हणून. मास्क होताच. जामीनदार म्हणून डोमाजी आला होता. नवा सदरा, कानापर्यंत टोपी.

"वयनी, नवरदेवावानी दिसून राह्यलो का?"

"गप बसा भाऊजी, कोणी आयकन."

जजसाहेब यायच्या आधी पडद्यावर लखन दिसला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. आईला पाहून त्यानं हात हलवला.

"माय, बाबा कसे हायेत?"

खोटं बोलायची भागाबाईला सवय नव्हती. "तू घरी ये आधी," एवढंच ती म्हणाली.

मग साहेब आले. त्यांनी डोमाजीचं आधार कार्ड पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि तेलुगूत काही विचारलं.

"फोटोत मिशी आहे, इथं चेहराच दिसत नाही म्हणतात," वकिलीणबाई हळूच म्हणाल्या. "मास्क खाली घ्या. टोपी काढा."

कोर्टापुढं नाही म्हणायचं नसतं, एवढंच डोमाजीला ठाऊक. त्यानं झटकन दोन्ही काढलं. भागाबाईनं हात पुढं केला, पण खुर्च्या लांब होत्या.

तुळतुळीत डोकं. मिशी साफ. घरातलं माणूस गेल्याशिवाय त्यांच्या भावकीत कोणी मिशी उतरवत नाही.

लखन बघतच राहिला.

"काका... मिशी काऊन काढली?"

डोमाजीनं हात वर नेऊन तोंड झाकलं.

"माय, पदर मागं घे."

तिनं घेतला नाही. तिचे खांदे तेवढे हलत होते.

साहेबांनी कागद पुन्हा चाळले. मग उतरत्या आवाजात जामीन मंजूर केला. पडदा काळा झाला.

"वयनी, माह्याच हातून..." डोमाजी म्हणाला.

"तुमचं काय चुकलं? कोर्टाचं आयकलं तुमी." ती वकिलीणबाईंकडे वळली. "सोडतीन कधी?"

"कागद उद्या पोचेल."

"आज त्याच्यापाशी कोण हाये?"

वकिलीणबाईंनी मान खाली घातली. "साथ आहे ना बाई. सध्या एकेकाला वेगळ्या खोलीत ठेवतात."

"म्हंजे कोणीच नाही."

भागाबाईनं त्या काळ्या फोनकडे पाहून हात जोडले. "देवा, मी येईस्तोवर तू बस रे त्याच्यापाशी."