मुलाकडचे

इस्त्री तापली की नाही हे बघायला लोक तिच्यावर पाण्याचा थेंब टाकतात. मावशी ती गालाजवळ धरायच्या. डोळे मिटून, फोनवर कोणाचं तरी ऐकत असल्यासारख्या. मग म्हणायच्या, "झाली." समोरच्या गिऱ्हाइकाचा जीव खालीवर व्हायचा, आणि मावशींना त्यात मजा वाटायची असा माझा संशय आहे.

पंचवटीतल्या ज्या मंगल कार्यालयात मी मॅनेजर आहे, त्याच्या समोरच त्यांची टपरी होती. हातात कोळशाची इस्त्री, डोक्यावर पत्रा. नाशिकची हवा थंड असं सांगून आमच्याकडे अजूनही फ्लॅट विकतात. विकणाऱ्यांनी मे महिन्यातली एक दुपार त्या टपरीत काढावी. मावशींनी उकाड्याची तक्रार कधी केली नाही. त्यांची तक्रार एकच होती, माणसं गबाळी राहतात. मला बघितलं की आधी माझी कॉलर बघायच्या, मग मला.

तुम्हीही कधीतरी इस्त्रीला कपडे टाकून विसरला असाल. अशा कपड्यांचं एक मोठं गाठोडं मावशींकडे होतं. बरेच महिने वाट पाहिली की त्यांच्या मते तो कपडा मोकळा. मोकळ्या कपड्यांचं पुढे काय होतं, ते मला एका उन्हाळ्यात कळलं.

घाटावर आणि पुलाखाली झोपणारी माणसं रात्र कशीही काढतात. दुपार काढता येत नाही. दगड तापतो, नदीवरून येतो तो वाराही भाजतो, आणि दुकानदार आपल्या पायरीवर टेकू देत नाहीत. ही माणसं दुपारी टपरीमागच्या नळावर तोंड धुवायची, मावशींनी दिलेला कडक इस्त्रीचा शर्ट किंवा साडी अंगावर चढवायची आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्या कार्यालयात लग्नाला यायची.

आत मोठाले कूलर, गार पाण्याचे जार, कव्हर घातलेल्या खुर्च्या. आणि लग्नात कोण कोणाला ओळखतं? मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे. तरी मावशींनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. कोणी विचारलंच तर मुलाकडचे म्हणायचं, कारण मुलाकडच्याला पुढचा प्रश्न विचारायची आपल्यात कोणाची छाती नाही. फोटोत यायचं नाही. आणि जेवायचं मुळीच नाही. एकदा नवऱ्या मुलाच्या मामाने एका म्हाताऱ्याला आग्रह करकरून जिलेबी वाढली, तर बाहेर आल्यावर मावशींनी त्याला चारचौघांत झापलं. "गारव्याला गेलता ना तुमी? मग जिलबी कशाला?"

हा म्हातारा म्हणजे बाबा. सुरगाण्याकडून कधीतरी द्राक्षबागेच्या कामाला आलेला आणि मग दम्याने काम सुटल्यावर पुलाखालीच राहिलेला. मावशींचा सगळ्यात शोभणारा वऱ्हाडी. निळ्या चौकड्यांच्या शर्टात तो असा बसायचा की खरे पाहुणे त्याला नमस्कार करून पुढे जायचे.

मला कळलं तेव्हा मी टपरीवर गेलो आणि म्हणालो, "मावशी, हे बरं नाही."

"काय बरं नाय? कूलर काय माणसं वळखून हवा सोडतो?" त्यांनी माझी कॉलर नीट केली. "इस्त्री हाय ना? मग कोण विचारतंय."

मी गप्प बसलो. गप्प बसण्यालाच मी आयुष्यभर चांगुलपणा समजत आलो आहे. जाता-येता बाबांना पाण्याचा पेला द्यायचो आणि त्या दिवशी घरी जरा मोठ्या मनाने जेवायचो.

मग गावाबाहेरच्या डोंगराला वणवा लागला. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी गवत पेटवतंच, पण त्या वेळी वारा पडला होता. धूर उतरून नदीवर बसला. ऊन होतंच, वर धूर. पूल दिसेना. सकाळपासून बाबांना श्वास पुरत नव्हता, आणि मावशींनी रोजच्यापेक्षा लवकरच सगळ्यांना तयार करून आत पाठवलं. आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या दिवशी घाटावरच्या माणसांना श्वास घेता येईल अशी जवळपास दुसरी जागा नव्हती. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशीच्या लग्नातल्या मुलाचे वडील बडी आसामी. लग्न आमच्या मालकांनी स्वतः मिळवलेलं. मुलाचे वडील बाबांना दंडाला धरून माझ्या टेबलाशी आले. "हे म्हणतात मुलाकडचे. मुलगा माझा आहे. मी यांना ओळखत नाही. विचारा जरा."

मालक बाजूलाच उभे होते. 'माझे पाहुणे आहेत' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

बाबांनी आधी श्वास गोळा केला. मग म्हणाले, "चुकून आलो, साहेब."

मी फाटकापर्यंत मागे गेलो. तिथे थांबून त्यांनी शर्ट काढला, बटणं लावली, घडी घातली, माझ्या हातात दिली आणि बनियनवर त्या धुरात निघून गेले. शर्ट मी वॉचमनकडे देऊन टपरीवर पाठवला. स्वतः गेलो नाही. गडबड होती, असं मी बरेच दिवस सांगत आलो. गडबड नव्हती, मंगलाष्टकं चालू होती आणि मी मागे उभा राहून अक्षता टाकत होतो.

बाबा पुलापर्यंत पोचायच्या आत रस्त्यात कोसळले. मावशी तापलेली इस्त्री तशीच टाकून धावल्या आणि रिक्षातून त्यांना सिव्हिलला घेऊन गेल्या. बाबा वाचले. पण त्यानंतर एक पायरी चढायलाही त्यांना कोणाचा तरी हात लागायचा.

थोड्या दिवसांनी मावशी कार्यालयात आल्या. टेबलावर तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट ठेवला, धुतलेला, कडक घडीचा.

"तुमचा हाय. मागल्या दिवाळीला टाकला, नेलाच नाय." मी कॉलर उलटून बघितली. "मुद्दाम बाबांना दिला व्हता. म्हटलं, मॅनेजर निदान सोताचा शर्ट तरी वळखतील."

त्या आवाज न चढवता बोलल्या. त्या दिवशी त्यांनी माझी कॉलर बघितली नाही.

पावसाळ्यानंतर टपरी बंद झाली. मावशी मनमाडला लेकीकडे गेल्या, असं चहावाला म्हणाला.

आता आमच्या मालकांनी कार्यालयाच्या मागच्या खोलीत उन्हाळ्यापुरती सोय केली आहे. 'बेघरांसाठी उष्मा निवारा' असा बोर्ड आहे. फीत कापतानाचे फोटो पेपरात आले. कूलर नवा आहे. खोली रिकामी असते. तो बोर्ड वाचून आत यायचं म्हणजे चौघांदेखत आपण बेघर आहोत असं सांगायचं, आणि मावशींच्या माणसांना लग्नाला यायची सवय.

म्हणून मी वॉचमनला सांगून ठेवलंय. दुपारी कोणीही आलं की मुलाकडचे. मुलाचे वडील विचारायला आले तर मी सांगतो, माझे पाहुणे आहेत. स्टोअररूममध्ये जुने कपडे जमवलेत, विजेची इस्त्रीही आणली आहे. माझ्या हातून बाहीला एकीच्या जागी दोन घड्या पडतात.

परवा, त्या लग्नानंतर पहिल्यांदाच, बाबा आले. वॉचमनने हात देऊन पायरी चढवली. निळा चौकड्यांचा शर्ट मी स्वतः त्यांना दिला. त्यांनी तो घातला, बाहीवरच्या दोन घड्या बोटाने सावकाश चाचपल्या आणि विचारलं,

"मावशी कधी येणार?"