वैशालीची उमेदवारी

माझी बायको महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहणार आहे, ही बातमी आमच्या भागात सगळ्यात शेवटी कळली ती तिला.

सगळ्यात आधी ती कुठे कळली हेही मी सांगू शकतो. ती माझ्याच दुकानातून बाहेर पडली.

मखमलाबाद रस्त्याला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि वैशालीनं त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, शनिवार-रविवार वर्ग. विषय, सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन आणि नेतृत्व.

"संस्था चालवायला शिकावं लागतं?" मी विचारलं. (आमच्याकडे संस्था म्हणजे शाळा, पतपेढी नाहीतर सोसायटी. ती चालवणारा कोणी शिकून आलेला मी तरी पाहिला नव्हता.)

"म्हणूनच शिकतेय," वैशाली म्हणाली.

दुसऱ्या सत्रात तिला प्रकल्प करायचा होता. आमच्या मागच्या गल्लीत झेंडू-शेवंती पिकवून बाजारात विकणाऱ्या बायका राहतात. त्यांच्याकडे जायचं, त्यांना काय हवंय ते ऐकायचं आणि लिहून आणायचं. कॉलेजातल्या मॅडमनी एकच नियम घालून दिला होता, कसलंही आश्वासन द्यायचं नाही. वैशाली महिनाभर रोज दुपारी वही घेऊन जायची. पहिले आठ दिवस बायका "सगळं बरंय" एवढंच म्हणायच्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. त्या दिवसांत ती घरी यायची ती वेगळ्याच चेहऱ्यानं. आपलं बोलणं कोणीतरी खरंच ऐकतंय, याचं त्या बायकांना नवल वाटतं, असं सांगायची. मी पेपर वाचत "हं" म्हणायचो.

एके दिवशी आमचे जुने गिऱ्हाईक नामदेवअण्णा टोमॅटोचं औषध घ्यायला आले. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "वहिनी घरोघर फिरत्यात."

"हो."

"अडचणी इचारत्यात. वहीत लिहित्यात."

"हो, तो तिचा अभ्यास..."

"आपला प्रभाग महिला राखीव झालाय." अण्णांनी डोळे बारीक केले. "उभ्या राहताय का काय?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण वीस वर्षांत अण्णांनी माझ्याकडे इतक्या आदरानं कधी पाहिलं नव्हतं. मी औषधाची बाटली पिशवीत घालत म्हणालो, "बघू."

आमच्या राजकारणात 'बघू' म्हणजे अर्ज भरून झाला!

संध्याकाळपर्यंत पानटपरीवाल्यानं मला 'साहेब' केलं. दुसऱ्या दिवशी दोन मंडळांची पोरं पाया पडून गेली. आमच्या दारापुढच्या गटारावरचं झाकण दोन वर्षं फुटलेलं होतं, ते तिसऱ्या दिवशी आपोआप नवीन बसलं. (विद्यमान नगरसेवकांच्या कानावर गेलं असावं.) वैशाली म्हणाली, "अरे वा, बसवलं वाटतं." मी म्हणालो, "हं." अगदी खरं सांगतो, तेव्हाही मला सांगता आलं असतं. पण चहाचे पैसे कोणी घेत नव्हतं, आणि मला ते आवडायला लागलं होतं.

मग माझ्या चुलतभावानं, बाळूनं, मला न विचारता बॅनर लावला. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना बांधलेला. 'भावी नगरसेविका सौ. वैशालीताई', आणि खाली बाळूसकट चाळीस शुभेच्छुक. फोटो आमच्या त्र्यंबकेश्वरच्या सहलीतला. उन्हामुळे वैशालीनं डोळे किलकिले केलेले. मला कापून टाकलं होतं, पण तिच्या खांद्यावरचा माझा हात बाळूला काढता आला नव्हता. कोणाचा कोण जाणे, असा एक घड्याळवाला हात तेवढा लोंबत होता.

त्या दुपारी वैशाली नेहमीपेक्षा लवकर परत आली. वही टेबलावर ठेवली आणि बसून राहिली.

"कमळमावशींनी दार उघडलं नाही," ती म्हणाली.

कमळमावशी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात जुन्या फुलवाल्या. त्या बोलल्या म्हणून बाकीच्या बोलायला लागल्या होत्या.

"खिडकीतून म्हणाल्या, मला वाटलं तू आमचं ऐकाया येती. मतं मागाया येत होती व्हय?" वैशालीनं वही लांब सारली. "परवा मॅडम यायच्यात प्रकल्प बघायला. पण त्याचं काही नाही हो. त्या बाईनं मला तिचं सगळं सांगितलं होतं. तिला काय वाटलं असेल?"

मग मी सांगितलं. सगळं, 'बघू'पासून. मला वाटलं ती चिडेल. ती फक्त म्हणाली, "एकदा नाही म्हणायचं होतंत," आणि आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ज्याला त्याला सांगत सुटलो की वैशाली उभी राहणार नाही. पानटपरीवाला हसला. "साहेब, पत्ते लपवताय." नामदेवअण्णा तर खूश झाले. "बरोबर हाय. आत्ताच नाय म्हनायचं." दुपारपर्यंत माझ्या नकारानं तिची उमेदवारी आणखी पक्की झाली होती.

शेवटी मी दुकानातली शिडी घेतली आणि बॅनर उतरवायला चढलो. एक दोरी सुटली, दुसरीची गाठ सुटेना. ओढला तर बॅनर वैशालीच्या नाकापासून फाटला. खालून कोणीतरी ओरडलं, "अरे, ताईंचा बॅनर फाडतोय!" मंडळाची पोरं धावली. एकानं शिडी धरली, ती आधाराला नव्हे. मी बॅनरमध्ये गुंडाळला गेलेला, माझा चेहरा कोणाला दिसेना. "विरोधकांचा माणूस हाय, खाली घ्या त्याला!"

पोरांनी मला खाली घेतलं. खांद्याला अजून थंडीत जाणवतं.

बॅनर बाजूला झाला तेव्हा समोर पोरं होती, अण्णा होते, फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या दहा-बारा बायका होत्या. वैशाली होती. आणि तिच्या शेजारी एक अनोळखी बाई चष्मा सावरत माझ्याकडे बघत होत्या. मॅडम एक दिवस आधीच आल्या होत्या.

मी तसाच जमिनीवर बसून बोललो. "ही उभी राहणार नाहीये. कधीच राहणार नव्हती. ती खरंच तुमचं ऐकायला येत होती. लोक साहेब म्हणायला लागले म्हणून मी गप्प बसलो. तिचा यात काही दोष नाही."

 मग कमळमावशींनी पाटी खाली ठेवली.

"येवढे दिस तोंडात काय धरलं होतं?"

"चूक झाली, मावशी."

"माझ्याकडं नको बघू. तिच्याकडं बघून म्हन."

मी वैशालीकडे बघून म्हणालो. सगळ्या गल्लीसमोर. तिनं मला हात देऊन उठवलं, आणि शर्टावरची धूळ झटकताना जरा जोरातच झटकली.

कमळमावशी तिला म्हणाल्या, "वही कुठं हाय तुझी? आन बाहेर. बाजारातल्या बायकांच्या संडासाला वर्षभर कुलूप हाय, ते लिही आधी. लाजंखातर सांगितलं नव्हतं." बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या. मॅडम पायरीवर बसून ऐकत राहिल्या. पुढे त्या बायका वैशालीची वही घेऊन स्वतःच महापालिकेत तीनदा जाऊन बसल्या, आणि कुलूप निघालं.

वैशालीच्या अहवालाला वर्गात पहिला क्रमांक मिळाला. त्यातलं चौथं प्रकरण, 'प्रकल्पातील अडथळे', अकरा पानांचं आहे आणि ते संपूर्ण माझ्यावर आहे. ते आता पुढच्या वर्गाला वाचायला देतात.

गेल्या महिन्यात त्या वर्गातली एक मुलगी दुकानात आली. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, प्रकरण चार तुम्हीच ना?"

मी मान डोलावली.

"प्रत्यक्षात तुम्ही एवढे वाईट वाटत नाही."

हे कौतुक मी अजून घरी सांगितलेलं नाही. वैशाली लगेच प्रकरण पाच लिहायला घेईल.