शूटिंग, शनिवार, दुपारी दोन

हॉल बुकिंगच्या फॉर्मवर ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात मी लिहिलं : शूटिंग. शनिवार, दुपारी दोन. खाली ‘उपस्थिती’ : वीस लहान मुलं आणि पालक. सबमिट केलं आणि जेवायला गेलो.

शूटिंग म्हणजे आमच्या मुलांच्या नाटुकल्याचं व्हिडिओ शूटिंग. आपण मराठीत साखरपुड्याचंही शूटिंग करतो, बारशाचंही करतो. पण कॅनडात, हॅलिफॅक्सच्या ज्या कॉलेजात मी आयटीमध्ये होतो, तिथे या शब्दाचा एकच अर्थ होता. आणि तो मला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवा होता. कारण सहा महिने मी त्याच अर्थाच्या शूटिंगसाठी सिस्टीम बनवत होतो. कोणी बंदूक घेऊन कॅम्पसवर शिरलं, तर एक बटण दाबायचं, की सगळ्यांच्या फोनवर मेसेज : दारं लावा, दिवे बंद करा, खाली बसा. त्याला लॉकडाउन म्हणतात.

फॉर्म गेला डोनाकडे. डोना मुख्य दाराशी काउंटरवर बसायची. चाव्या, बुकिंग, हरवलेले हातमोजे, सगळं तिच्याकडे. तिने फॉर्म वाचला आणि सिक्युरिटी मॅनेजर कीथला फोन केला. कीथने पोलिसांना केला. मी जेवून परत येतो, तर माझ्या क्युबिकलपाशी दोन पोलीस.

“उद्याचं शूटिंग तू करणार आहेस?”

“नाही, माझा मित्र. मी फक्त मुलांना एका ओळीत उभं करणार.”

हे वाक्य मी खरोखर बोललो.

पंधरा मिनिटांत उलगडा झाला. पोलीस हसले नाहीत, कीथही नाही. बाकी कॉलेज मात्र महिनाभर हसलं. आणि हसलं ते डोनाला. त्याला कारण मीच. किस्सा सांगायची मला भारी हौस. प्रत्येक वेळी त्यात मी थोडा जास्त भोळा व्हायचो आणि डोना थोडी जास्त घाबरट. लंचरूममध्ये कोणी कॅमेरा काढला, की दुसरा ओरडायचा, “डोना, पोलिसांना बोलाव!” ती हसायची. मला वाटलं, तिलाही मजा येतेय. घरी सांगितलं, तर मुलगी म्हणाली, “बाबा, दॅट्स नॉट फनी.” मी म्हटलं, तुला विनोद कळत नाही.

मग एका मंगळवारी सकाळी डोना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“प्रिंटर अडलाय?” मी विचारलं.

“नाही. एक विचारायचंय. हसू नकोस.”

ग्लेन नावाचा मेंटेनन्सचा जुना माणूस. सुपरवायझरशी भांडण झालं आणि त्याला कामावरून काढलं. आदल्या दिवशी तो चाव्या परत करायला आला होता. चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि डोनाला म्हणाला, “तू माझ्याशी नेहमी नीट वागलीस. गुरुवारी सुट्टी घे.”

गुरुवारी मेंटेनन्सच्या सगळ्या माणसांची मीटिंग होती. ग्लेन शिकारी. दर हिवाळ्यात डोनाला हरणाचं मांस आणून द्यायचा.

“कीथला सांगितलंस?”

“नाही.”

“काल का नाही सांगितलंस?”

 ती म्हणाली, “हेही काही नाही असं निघालं, तर मी त्या खुर्चीत परत कशी बसू?”

तिच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं, तेही लोकांना हसवत हसवत.

आम्ही दोघं कीथकडे गेलो. तिथेही मी शहाणपणा केलाच. “बहुतेक काही नसेल, पण...” अशी सुरुवात केली. कीथ म्हणाला, “तू गप्प बस. डोना, तो काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग.” त्याने ते तसेच्या तसे लिहून घेतले आणि फोन उचलला.

इथे बंदूक बाळगायला लायसन्स लागतं. लायसन्सवाल्या माणसाबद्दल काळजी वाटली, तर कोणीही कळवू शकतं. पोलीस जाऊन बोलतात. धोका दिसला, तर बंदुका आधी ताब्यात घेतात; पुढचं कोर्टात ठरतं. त्या काळी शिकारीच्या साध्या रायफलींचीही सरकारदरबारी नोंद असायची. पुढे ती बंद झाली. ते बरं झालं की वाईट, यावर इथले लोक अजून भांडतात. मी फक्त त्या मंगळवारचं सांगतो.

दुपारी दोन पोलीस ग्लेनच्या घरी गेले. तो शांत होता. दोन रायफली त्याने स्वतःहून आणून दिल्या. पोलिसाच्या हातातल्या कागदावर तीन होत्या.

“आणि तिसरी?”

ग्लेनने पिकअप ट्रककडे बोट दाखवलं. सीटच्या मागे, ब्लँकेटात गुंडाळलेली. शेजारी गोळ्यांचा डबा. ती बाहेर काढली तेव्हा तो दारातल्या पायरीवर बसला आणि रडायला लागला. पोलिसांनी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. कीथने आम्हाला एवढंच सांगितलं, आणि तेही डोनाचं पाणी पिऊन झाल्यावर.

गुरुवारी मीटिंग झाली. डोनट खाल्ले गेले, सुट्ट्यांवरून वाद झाला, बर्फ कोणी कुठला फावड्याने उपसायचा ते ठरलं. ग्लेन खरंच काही करणार होता का, की स्वतःलाच काही करून घेणार होता? आम्हाला कधीच कळलं नाही. आधीच अडवायचं हे काम नीट झालं, की दाखवायला काही उरत नाही.

एक मात्र मला कळलं. माझी सिस्टीम पहिल्या गोळीनंतर चालू होणार होती. डोना दोन दिवस आधी चालू झाली, आणि मी मध्ये आलो नसतो, तर आणखी एक दिवस आधी झाली असती. मी लंचरूममध्ये किस्सा शेवटचा सांगितला. या वेळी मूर्ख कोण होता ते नाव घेऊन सांगितलं. सिस्टीमसाठी नेमलेल्या कमिटीत एकच सूचना केली : कोणी काही कळवलं आणि ते खोटं निघालं, तरी कीथने स्वतः जाऊन त्याचे आभार मानायचे. सहा महिन्यांतलं माझं तेवढं एकच काम, ज्याला प्रोग्रॅमिंग लागलं नाही.

पुढच्या महिन्यात सिस्टीमची पहिली पूर्ण टेस्ट झाली. मी बटण दाबलं. वर्गावर्गात फोन वाजले, डीन आपला फोन हवेत धरून नाचवत बाहेर आले. मी ऐटीत खाली काउंटरवर गेलो.

“आला ना मेसेज?”

डोनाने फोन माझ्यासमोर धरला. कोरा. ती पार्ट-टाइम. माझ्या यादीत विद्यार्थी होते आणि पर्मनंट स्टाफ.

“डिअर,” ती म्हणाली, “दारातून आत आलं की पहिली मी बसलेली असते. माझ्यासाठी तू काय ठरवलं होतंस? मला गोळीचा आवाज ऐकू येईलच, असं?”