रुजवणीची खोली

गायीला पंचपक्वान्ने वाढून स्वतः पेजेवर भागवणारा माणूस कुणाला पाहायचा असेल, तर त्याने कट्टा गावापलीकडे आमच्या मामांकडे जावे. वेंगुर्ल्याचे दोन दिवसांचे शिबिर आटोपून मामा परतले, ते मातीशिवाय चारा पिकवायचे वेड घेऊनच. मका एक दिवस पाण्यात, एक दिवस ओल्या गोणपाटात, मग ट्रेमध्ये पसरून वरून पाण्याचे फवारे. आठव्या दिवशी वीतभर हिरवागार चारा मुळांसकट चटईसारखा उचलायचा आणि गायीपुढे ठेवायचा. याला हायड्रोपोनिक म्हणतात, असे शिबिरात दहादा सांगितले होते. मामा म्हणाले, "म्हंजे रुजवण." नवरात्रात देवापुढे धान्य रुजत घालतात आणि दसऱ्याला त्याचे कोंब बायका केसांत माळतात, ती रुजवण. झाले, रुजवण म्हटल्यावर सोवळे आलेच! ट्रेच्या खोलीत चपला बंद. पाहणीला आलेल्या शिबिराच्या साहेबांनाही मामांनी बूट काढायला लावले आणि "रुजवणीत पादत्राणे चालत नाहीत" असे शुद्ध मराठीत बजावले. साहेबांच्या मोज्याला भोक होते. त्यांनी सगळी पाहणी एका पायावर दुसरा पाय ठेवून उरकली.

तांबू गायीने पहिल्या दिवशी तो चारा नुसता हुंगला आणि तोंड फिरवले. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले, मूठभर कोंब स्वतः चावले आणि "गोड आसा गो" म्हणून तिची समजूत घातली. तांबूने मग ट्रे चाटूनपुसून साफ केला; मामांचे पोट मात्र दोन दिवस जाग्यावर नव्हते. मी हसलो, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामींचा राग वेगळाच होता. ट्रेचे रॅक मामांनी लावले होते बायच्या खोलीत. बाय म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लग्न होऊन मस्कतला गेलेली. चार वर्षांत तिचे येणे झाले नव्हते. "बाय इली तर निजतली खंय?" मामी विचारायच्या. "येवंदे तर खरी," मामा म्हणायचे, "रॅक काढूक पाच मिन्टा लागतत." लहानपणी घरची रुजवण बायच घालायची, हे मला फार उशिरा आठवले.

यंदा बायचा फोन आला, दसऱ्याला येते म्हणून. मामांनी त्याच दिवशी रॅक बाहेर काढले, भिंतींना चुना दिला, गादीला ऊन दाखवले. तांबूची रवानगी पेंढ्यावर झाली. बायच्या टेबलावर एकच ट्रे ठेवला, बरोबर दसऱ्याला तयार होईल असा. आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. रजा मिळाली नव्हती. मामा "बरां" म्हणाले आणि फवारणीला गेले. दसऱ्याला त्यांनी कोंबांची एक जुडी खुडली, बराच वेळ हातात धरली आणि शेवटी तांबूच्या शिंगाला बांधली. तिने मान झटकून ती पाडली आणि खाल्ली.

दिवाळीनंतर गेलो, तेव्हा रॅक गोठ्याच्या पडवीत होते. खोलीत नुसती खाट, वर धुतलेली चादर. मामी स्वतःच म्हणत होत्या की रॅक आत घ्या, पडवीत उंदीर कोंब खातात. मामांनी ऐकून घेतले.

"काढूक पाच मिन्टा लागतत," ते मला हळूच म्हणाले. "तेवड्यात ती परत गेली तर?"

मामा खिडकी उघडायला आत गेले, उंबऱ्याबाहेर चपला काढून. खोलीत आता काहीच रुजत नव्हते. तरी मीही माझ्या काढल्या.